विशेषक ध्वज

विशेषक ध्वज ही प्रोग्रामिंग भाषेतील वर्ग, फील्ड, मेथड इत्यादींच्या व्याख्यांना जोडलेली विशेषके एकेका बिटाच्या रूपाने एकाच संख्येत साठविण्याची पद्धत होय. प्रोग्रामरांच्या बोलण्यात तिला 'मॉडिफायर फ्लॅग' म्हणतात. जावा, स्काला, पीएचपी या भाषांच्या आणि डॉटनेट या मंचाच्या रिफ्लेक्शन संग्रहांत ही पद्धत कमीअधिक फरकाने आढळते. तिचा लाभ संक्षेपाचा आहे. तिची अडचणही त्याच संक्षेपातून निर्माण होते, कारण मिळालेली संख्या वर्गाची आहे, फील्डची आहे की मेथडची, हे संख्येवरून कळत नाही. आणि ते कळल्याखेरीज तिचा अर्थ निश्चित करता येत नाही.

संज्ञा

एखादा प्रोग्राम चालू असताना स्वतःच्या किंवा दुसऱ्या प्रोग्रामच्या रचनेची चौकशी करू शकतो, या सोयीस रिफ्लेक्शन म्हणतात. या वर्गात कोणती फील्ड आहेत, अमुक मेथड बाहेरून हाक मारण्याजोगी आहे काय, तमुक मूल्य बदलता येईल काय, अशा प्रश्नांची उत्तरे रिफ्लेक्शनमुळे मिळतात.

विशेषक म्हणजे व्याख्येच्या आरंभी येणारा 'पब्लिक', 'प्रायव्हेट', 'स्टॅटिक', 'फायनल' यांसारखा शब्द. तो व्याख्येचा विषय बदलत नाही. त्या विषयावर मर्यादा घालतो किंवा त्याला गुण चिकटवितो. मराठी व्याकरणातील विशेषणाचे नामाशी जे नाते, तेच याचे व्याख्येशी. ध्वज हा शब्द निशाणावरून आला आहे. निशाण वर असते किंवा खाली असते, तिसरी अवस्था नसते. बिटही एक असतो किंवा शून्य असतो.

विशेषणाची तुलना आणखी थोडी पुढे नेता येते. 'तो चांगला मुलगा आहे' या वाक्यात 'चांगला' हे विशेषण आहे, तर 'तो चांगला गातो' यात तोच शब्द क्रियाविशेषणाचे काम करतो. शब्द सुटा काढून त्याची जात विचारली तर उत्तर देता येत नाही; तो कोणाला लागला आहे ते पाहावे लागते. विशेषक ध्वजांतील काही बिटांची स्थिती अशीच आहे.

मूळ गणित

प्रत्येक विशेषकाला दोनाच्या घाताची एक संख्या नेमून दिलेली असते: १, २, ४, ८, १६ आणि पुढे याचप्रमाणे. यांपैकी कोणत्याही निवडक संख्यांची बेरीज केली तरी ती कोणत्या संख्यांची बनली आहे हे नेमके सांगता येते. म्हणून अनेक विशेषके एका पूर्णांकात मावतात. एकत्र करण्यासाठी बिटनिहाय 'किंवा' ही क्रिया वापरतात, तर एखादे विशेषक आहे की नाही हे तपासण्यासाठी बिटनिहाय 'आणि'. युनिक्स प्रणालीतील फायलींच्या ७५५ किंवा ६४४ अशा परवानग्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

जावामध्ये 'पब्लिक'ची संख्या १, 'प्रायव्हेट'ची २, 'प्रोटेक्टेड'ची ४, 'स्टॅटिक'ची ८ आणि 'फायनल'ची १६ आहे. उदाहरणादाखल, वाशी, नेरुळ, बेलापूर, पनवेल या हार्बर मार्गावरील स्थानकांची नोंद ठेवणारा 'स्थानक' नावाचा एक जावा वर्ग घेऊ. (जावामध्ये वर्ग, फील्ड व मेथड यांची नावे देवनागरीत ठेवता येतात. विशेषके मात्र भाषेचे राखीव शब्द असल्याने इंग्रजीतच लिहावी लागतात.) या वर्गातील 'मार्ग' हे फील्ड पब्लिक, स्टॅटिक आणि फायनल असेल, तर रिफ्लेक्शन त्याच्यासाठी १ + ८ + १६, म्हणजे २५ ही संख्या परत करते. 'संकेतांक' हे फील्ड प्रायव्हेट आणि फायनल असेल, तर संख्या १८ येते.

जावा

जावाचा संकलित वर्ग ज्या फायलीत साठविला जातो, तिच्यात वर्गासाठी, प्रत्येक फील्डसाठी आणि प्रत्येक मेथडसाठी दोन बाइटांची, म्हणजे सोळा बिटांची, ध्वजांची जागा राखून ठेवलेली आहे. १९९७ मध्ये जेडीके १.१ या आवृत्तीसोबत रिफ्लेक्शन संग्रह आला, तेव्हा त्याने याच संख्या जवळपास जशाच्या तशा प्रोग्रामरच्या हाती दिल्या. 'गेटमॉडिफायर्स' ही मेथड साधा पूर्णांक परत करते आणि 'मॉडिफायर' नावाचा मदतनीस वर्ग त्याचा अर्थ सांगतो. 'इझपब्लिक', 'इझस्टॅटिक' अशा चाचण्या आणि संख्येचे शब्दांत रूपांतर करणारी 'टूस्ट्रिंग' ही मेथड त्याच वर्गात आहे. त्या मेथडला २५ दिल्यास 'पब्लिक स्टॅटिक फायनल' असे उत्तर मिळते.

फायलीच्या रचनेतील संख्या हाच संग्रहाचा चेहरा बनला, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. साठवणीसाठी केलेली काटकसर त्यामुळे वापरणाऱ्याच्या वाट्याला आली.

सोळाच बिट उपलब्ध आणि भाषा वाढत चाललेली, अशा परिस्थितीत काही बिटांना दुहेरी काम देण्यात आले. फील्डला लागणारे विशेषक मेथडला लागू शकत नसेल, तर मेथडच्या बाबतीत तोच बिट दुसऱ्या अर्थाने वापरण्यास हरकत नाही, असा त्यामागचा विचार. विशेषतः २००४ मध्ये आलेल्या जावा ५ मध्ये अनिश्चित संख्येने मूल्ये घेणाऱ्या मेथड आणि जेनेरिक प्रकार आले, तेव्हा या सवलतीचा उपयोग झाला. सर्वाधिक गोंधळ करणारे तीन बिट पुढीलप्रमाणे:

| संख्या | वर्गासाठी | फील्डसाठी | मेथडसाठी |
|---|---|---|---|
| ३२ | सुपर | – | सिंक्रोनाइझ्ड |
| ६४ | – | व्हॉलाटाइल | ब्रिज |
| १२८ | – | ट्रान्झियंट | व्हेरिअर्ग्ज |

२०१७ मध्ये जावा ९ सोबत मॉड्यूल आले आणि ३२ या बिटावर आणखी दोन अर्थ चढले: मॉड्यूलसाठी 'ओपन' आणि मॉड्यूलच्या अवलंबनासाठी 'ट्रान्झिटिव्ह'.

दुहेरी अर्थाचे परिणाम

'स्थानक' वर्गात हवी तितकी नावे एकदम स्वीकारणारी 'जोडा' ही पब्लिक मेथड आहे असे समजू. तिचे ध्वज १ + १२८, म्हणजे १२९. ही संख्या 'मॉडिफायर' वर्गाच्या 'टूस्ट्रिंग'ला दिल्यास उत्तर येते: 'पब्लिक ट्रान्झियंट'. जावामध्ये मेथडला 'ट्रान्झियंट' म्हणताच येत नाही. कंपायलर तसा मजकूर तत्काळ नाकारील. तरीही उत्तर चूक म्हणता येत नाही, कारण विचारणाऱ्याने १२९ एवढेच सांगितले, ती संख्या मेथडची आहे हे सांगितलेच नाही.

६४ या बिटाची गोष्ट अधिक चकवणारी आहे. 'स्थानक' वर्गाने स्थानकांची परस्परांशी तुलना करण्यासाठी 'कम्पेरेबल' हा इंटरफेस 'स्थानक' या प्रकारासह स्वीकारला, तर प्रोग्रामरने एकच तुलना-मेथड लिहिलेली असली तरी रिफ्लेक्शनला त्याच नावाच्या दोन दिसतात. दुसरी कंपायलरने स्वतः घातलेली असते. जेनेरिक प्रकार पुसले गेल्यावर जुन्या धाटणीची हाक नव्या मेथडपर्यंत पोहोचविण्याचे काम ती करते, म्हणून तिला ब्रिज म्हणतात. तिचे ध्वज १ + ६४ + ४०९६, म्हणजे ४१६१ असतात. शब्दांत मांडल्यावर ते 'पब्लिक व्हॉलाटाइल' असे दिसतात. आपण न लिहिलेली मेथड, तीही व्हॉलाटाइल, पाहून नवशिक्याने कंपायलरवर संशय घ्यावा यात नवल नाही. ४०९६ हा बिट 'सिंथेटिक', म्हणजे मूळ मजकुरात नसलेल्या घटकाचा असून 'टूस्ट्रिंग' त्याचा उच्चारही करीत नाही. त्यामुळे उलगडा करणारी खूण नेमकी गळून जाते.

यावर उतारा म्हणून जावा ७ मध्ये 'मॉडिफायर' वर्गात 'मेथडमॉडिफायर्स', 'फील्डमॉडिफायर्स' अशा मेथड घालण्यात आल्या. त्या प्रत्येक जातीला लागू असणाऱ्या विशेषकांचा मुखवटा देतात. तो आधी लावला की अनाहूत बिट गळतात आणि १२९ चे केवळ 'पब्लिक' उरते. मुखवटा लावण्याची आठवण मात्र वापरणाऱ्यानेच ठेवावयाची असते.

शून्याचा अर्थ

एकही बिट लागलेला नसणे ही गोष्ट निरर्थक नसते, आणि तिचा अर्थ भाषेगणिक बदलतो. जावामध्ये प्रवेशाविषयी काहीच न लिहिलेली व्याख्या केवळ त्याच पॅकेजपुरती दिसते. या दृश्यतेसाठी वेगळा बिट नाही. पब्लिक, प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड हे तिन्ही नाहीत यावरूनच ती ओळखावी लागते. स्कालामध्ये याच्या उलट आहे. तेथे काहीच न लिहिणे म्हणजे व्याख्या सर्वांना खुली असणे, आणि म्हणून 'पब्लिक' असा ध्वज त्या संग्रहात नाही. जावातून स्कालाकडे येणारा विद्यार्थी 'पब्लिक'ची चाचणी शोधू लागतो तेव्हा सुरुवातीस बुचकळ्यात पडतो.

डॉटनेटमधील मांडणी

डॉटनेटने दृश्यतेसाठी स्वतंत्र बिट न ठेवता खालच्या तीन बिटांत एक छोटा क्रमांक ठेवला. मेथडच्या बाबतीत १ म्हणजे प्रायव्हेट, ३ म्हणजे असेंब्लीपुरती, ४ म्हणजे उपवर्गांपुरती, ५ म्हणजे असेंब्ली किंवा उपवर्ग यांपैकी कोणालाही, आणि ६ म्हणजे पब्लिक. 'स्टॅटिक' १६, 'फायनल' ३२, 'व्हर्च्युअल' ६४ ही पुढची विशेषके मात्र नेहमीप्रमाणे सुट्या बिटांची.

तर्काच्या दृष्टीने ही मांडणी जावापेक्षा नेटकी म्हणावी लागेल. एखादी मेथड एकाच वेळी पब्लिक आणि प्रायव्हेट असू शकत नाही, ही गोष्ट जावाच्या संख्येत नियमाने पाळावी लागते. येथे ती रचनेतच आहे. परंतु दिसायला हेही ध्वजच असल्यामुळे वापरणारा सवयीने बिट तपासतो आणि फसतो. पब्लिकचा ६ म्हणजे ४ + २. त्यात ४ चा बिट आहे काय, असे विचारल्यास उत्तर होकारार्थी येते आणि सर्वांना खुली मेथड उपवर्गांपुरती असल्याचा निष्कर्ष निघतो. योग्य रीत म्हणजे प्रथम ७ चा मुखवटा लावून तीन बिट वेगळे करणे आणि मग ते ६ च्या बरोबर आहेत काय हे पाहणे.

स्काला

स्काला ही भाषा स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात मार्टिन ओडरस्की यांनी घडविली. तिचा स्वतःचा रिफ्लेक्शन संग्रह २०१३ च्या आरंभी आवृत्ती २.१० सोबत प्रायोगिक स्वरूपात आला. हा संग्रह केवळ अस्तित्वात असलेल्या व्याख्या वाचण्यापुरता नाही. मॅक्रोच्या साहाय्याने संकलनाच्या वेळी नव्या व्याख्याही त्याच्याद्वारे रचता येतात, आणि ध्वजांचा मुख्य उपयोग तेथेच होतो. वर्ग, ऑब्जेक्ट, मूल्य, मेथड किंवा प्रकार यांपैकी कशाचीही व्याख्या वाक्यवृक्षाच्या रूपात उभी करताना तिला 'मॉडिफायर्स' नावाचा घटक द्यावा लागतो. काहीच विशेषक नको असल्यास त्यात 'नोफ्लॅग्ज' हा रिक्त संच देतात. प्रायव्हेट आणि फायनल वर्ग हवा असल्यास हे दोन ध्वज उभ्या रेघेच्या चिन्हाने जोडून देतात.

येथे ध्वजसंचाचा प्रकार अपारदर्शक ठेवला आहे. आत संख्याच असली तरी बाहेरच्या प्रोग्रामरला ती अधिकृतपणे दिसत नाही. तिची बेरीज-वजाबाकी करता येत नाही आणि ती २५ आहे की १२९ हे विचारण्याचा प्रसंगही येत नाही. आधीपासून असलेल्या व्याख्येची चौकशी करताना तर ध्वजसंच समोर येतच नाही. त्याऐवजी चिन्हांना प्रश्न विचारले जातात, आणि प्रश्न चिन्हाच्या जातीनुसार वाटून दिलेले आहेत. 'लेझी आहे काय' हा प्रश्न मूल्यवाचक चिन्हालाच विचारता येतो, 'केस क्लास आहे काय' हा वर्गचिन्हालाच. भलत्या जातीला भलता प्रश्न विचारल्यास कंपायलर तेथेच अडवितो.

कंपायलरच्या पोटात मात्र बिटांची काटकसर स्कालानेही केली आहे. चौसष्ट बिटांची संख्या हाताशी असूनही ध्वजांची गर्दी इतकी, की काहींना जागा वाटून घ्यावी लागली. प्रकाराच्या पॅरामीटरची सहचलता आणि मेथडच्या पॅरामीटरचे नावाने मूल्यमापन हे दोन ध्वज एकाच बिटावर आहेत. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्काला ३ च्या कंपायलरने या सहनिवासाला नियम घालून दिला. त्यातील ध्वजसंचाचे पहिले दोन बिट विशेषकांसाठी वापरलेच जात नाहीत. हा संच मूल्यांसाठी आहे, प्रकारांसाठी आहे की दोहोंसाठी, हे ते सांगतात. ज्या माहितीवाचून जावातील १२९ संदिग्ध राहते, ती येथे संख्येतच घातली आहे.

शब्द आणि ध्वज यांची जोडी एकास एक असतेच असे नाही, हेही स्कालात स्पष्ट दिसते. जावामध्ये एका बिटाचे दोन शब्द होतात, तर स्कालात 'ॲबस्ट्रॅक्ट' या एका कल्पनेचे तीन ध्वज आहेत. वर्ग अमूर्त असल्यास 'ॲबस्ट्रॅक्ट'. मेथड, मूल्य किंवा प्रकार देहाविना जाहीर केलेला असल्यास 'डिफर्ड', जरी तेथे तसा शब्द लिहावा लागत नाही. आणि ट्रेटमधील 'ॲबस्ट्रॅक्ट ओव्हरराइड' या जोडशब्दासाठी तिसरा. शिवाय बदलत्या मूल्याचा 'म्यूटेबल' हा ध्वज विशेषकातून नव्हे, तर 'व्हार' या व्याख्यावाचक शब्दातूनच येतो. रिफ्लेक्शनमधील ध्वज लेखकाचे शब्द जसेच्या तसे जपत नाहीत. कंपायलरने त्यांचा लावलेला अर्थ जपतात.

बिटात न मावणारी विशेषके

बिट 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगू शकतो. ज्या विशेषकाला सोबत एखादे नाव लागते, ते ध्वजाने पुरते व्यक्त होत नाही. स्कालामध्ये 'अमुक पॅकेजपुरते प्रायव्हेट' असे लिहिता येते. त्या पॅकेजचे नाव ठेवण्यासाठी 'मॉडिफायर्स' घटकात ध्वजसंचाशेजारी वेगळी जागा आहे, आणि ॲनोटेशनांची यादी आणखी वेगळी. जावा १७ मध्ये, २०२१ साली, 'सील्ड' वर्ग पक्के झाले. त्यांना बिट दिलेलाच नाही. कोणत्या उपवर्गांना परवानगी आहे याची यादी वर्गाच्या फायलीत निराळ्या नोंदीत असते आणि ती यादी आहे यावरूनच वर्ग सील्ड ठरतो. इंटरफेसमधील 'डिफॉल्ट' मेथडलाही बिट नाही: इंटरफेसमध्ये असून पब्लिक आहे, अमूर्त नाही आणि स्टॅटिक नाही, एवढ्यावरून ती ओळखली जाते.

याच आवृत्तीत 'स्ट्रिक्टएफपी' हे विशेषक निष्प्रभ झाले, कारण दशांश गणिते सर्वत्र काटेकोरच होऊ लागली. त्याच्या २०४८ या बिटाला नव्या फायलींत अर्थ राहिलेला नाही.

व्यवहारातील उपयोग

सामान्य प्रोग्रामर ध्वज क्वचितच वाचतो, परंतु तो वापरीत असलेले संग्रह सतत वाचतात. वस्तूचे जेसन मजकुरात रूपांतर करणारा जीसॉन हा संग्रह, काही वेगळे न सांगितल्यास, ट्रान्झियंट आणि स्टॅटिक फील्ड वगळतो. एखाद्या फील्डमध्ये पासवर्ड असेल, तर तो बाहेर जाणार की नाही हे अशा वेळी १२८ या एका बिटावर ठरते. चाचण्या चालविणाऱ्या जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तीला चाचणीची मेथड पब्लिकच असावी लागे. नसल्यास ती चालविण्याऐवजी त्रुटी दाखविली जाई. २०१७ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ही अट सैल केली.

ध्वज बदलण्याचे प्रयत्न

फायनल फील्डचे मूल्य बदलण्यासाठी जावा प्रोग्रामरांत एक युक्ती बराच काळ प्रचलित होती. रिफ्लेक्शनने मिळालेल्या 'फील्ड' वस्तूत ध्वजांची संख्या 'मॉडिफायर्स' या नावाच्या खासगी फील्डमध्ये असते. तिच्यावरच पुन्हा रिफ्लेक्शन चालवून १६ चा बिट काढून टाकावयाचा आणि मग मूल्य लिहावयाचे. यात बदलते ती वर्गाच्या वर्णनाची प्रत. मूळ व्याख्या फायनलच राहते. 'स्थानक' वर्गातील 'मार्ग' या फील्डमध्ये 'हार्बर' हा शब्द स्थिरांक म्हणून लिहिलेला असेल, तर कंपायलरने तो वापराच्या ठिकाणी आधीच उतरवून ठेवलेला असतो. त्यामुळे युक्ती यशस्वी झाली तरी इतरत्र जुनेच मूल्य दिसत राहते, आणि एकाच प्रोग्रामचे दोन भाग एकाच स्थिरांकाविषयी दोन वेगवेगळी उत्तरे देऊ लागतात. २०१९ मध्ये आलेल्या जावा १२ पासून 'फील्ड' वर्गाची स्वतःची फील्ड रिफ्लेक्शनला दाखविणे बंद करण्यात आले आणि ही वाट बुजली.

संख्यांचे स्थैर्य

ध्वजांच्या संख्या फायलींत किंवा डेटाबेसमध्ये साठविणे धोक्याचे ठरू शकते. जावाच्या संख्या वर्ग-फायलीच्या रचनेशी बांधलेल्या असल्याने त्या टिकून आहेत. पीएचपीमध्ये तसे बंधन नव्हते आणि २०१९ च्या आवृत्ती ७.४ मध्ये त्या बदलल्या. आधी मेथडसाठी 'स्टॅटिक' म्हणजे १, 'ॲबस्ट्रॅक्ट' म्हणजे २ आणि 'फायनल' म्हणजे ४ असे. आता १ म्हणजे 'पब्लिक', २ म्हणजे 'प्रोटेक्टेड' आणि ४ म्हणजे 'प्रायव्हेट'. जुन्या आवृत्तीत साठवून ठेवलेली संख्या नव्या आवृत्तीत वाचली तर कोणतीही त्रुटी येत नाही. फायनल मेथड निमूटपणे प्रायव्हेट ठरते. संख्यांऐवजी नावे देणारी मेथड त्या संग्रहात आहे आणि साठवणीसाठी तीच वापरणे इष्ट.

'ॲक्सेसफ्लॅग'

मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा २० मध्ये 'ॲक्सेसफ्लॅग' नावाची गणनामालिका रिफ्लेक्शन संग्रहात दाखल झाली. तिच्यात 'ट्रान्झियंट' आणि 'व्हेरिअर्ग्ज' यांची संख्या अजून १२८ च असली तरी ती दोन स्वतंत्र मूल्ये आहेत. तसेच प्रत्येक ध्वज कोणकोणत्या स्थानी लागू शकतो, म्हणजे वर्गावर, फील्डवर, मेथडवर, पॅरामीटरवर की मॉड्यूलवर, याची नोंद त्याच्याजवळच असते. पूर्णांकाऐवजी आता ध्वजांचा संच मिळविता येतो. पूर्णांकच हाती असेल, तर त्याचे रूपांतर करताना स्थान सांगणे सक्तीचे आहे. १२९ आणि 'मेथड' असे दिल्यास 'पब्लिक' व 'व्हेरिअर्ग्ज' मिळतात. १२९ आणि 'फील्ड' असे दिल्यास 'पब्लिक' व 'ट्रान्झियंट'. १२९ सोबत 'वर्ग' असे स्थान दिल्यास रूपांतर नाकारले जाते, कारण वर्गासाठी १२८ या बिटाला अर्थच नाही. जुनी 'गेटमॉडिफायर्स' मेथड आणि 'मॉडिफायर' वर्ग हे दोन्ही काढून टाकण्यात आलेले नाहीत. आधी लिहिले गेलेले संग्रह त्यांच्यावर विसंबून आहेत.